उजव्या अंगठ्याचा गेम

चैत्र निम्मा सरला की आमच्या परतूरला यंदा कुणाच्या घरी लग्न आहे हे विचारावं लागत नाही. गल्लीतून नुसती एक चक्कर मारायची. ज्या दाराशेजारची भिंत ताज्या चुन्यानं पांढरीफेक झालेली, तिच्यावर गणपती, दोन बाजूंना सोंड वर केलेले हत्ती, खाली 'शुभविवाह' आणि त्याखाली नवरा-नवरीची नावं, त्या घरी मांडव पडणार. पत्रिका मागाहून येते, भिंत आधी सांगते. मी आता जुन्या जालन्यात राहते, शाळेत शिकवते. इथल्या दाट गल्ल्यांत अशी भिंत क्वचित दिसते, सगळीकडं कापडी बॅनर आले. तरी एप्रिलातल्या एखाद्या दुपारी वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासत असताना शेजारी कुणीतरी दुकानाचं शटर रंगवायला घेतं, टर्पेंटाइनचा वास खिडकीतून आत येतो आणि माझ्या हातातला लाल पेन थांबतो. एखाद्या वासानं भूक लागावी, माहेर आठवावं, हे ठीक आहे. मला त्या वासानं भीती वाटते.

यंदा तो वास आला तेव्हा समोर गौरी बसली होती. गौरी म्हणजे माझ्या अक्काची, थोरल्या बहिणीची लेक. सुट्टी लागली की आधी माझ्याकडं राहायचं, मग अक्का आली की तिघींनी मिळून परतूरला आजोबांकडं जायचं, असा तिचा रिवाज. तिच्या बापानं तिला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन दिलाय, रंगीत पडद्याचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकानदार त्यात नवे गेम भरून देतो. पण यंत्रात जागा कमी, म्हणून तो म्हणाला, मोजकेच निवडून सांग. तेव्हापासून बाईसाहेब माझ्या डोक्यावर बसल्या होत्या.

"मावशी, सांग ना, कोणते गेम घेऊ?"

"मला काय विचारतीस? मी काय गेमवाली हाय?"

"आई म्हणते, तुझ्याइतकं त्यातलं कुणालाच कळत न्हाई. म्हणते, आजोबांना तूच गेम सांगायचीस."

झालं. पेन मी खाली ठेवलाच. अक्काला कुणी सांगितलं होतं हे पोरीपुढं काढायला?

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं, बैलगाड्यांच्या साट्या, डॉक्टरांच्या काचेवर आतल्या बाजूनं उलटी लिहिलेली नावं, सगळं त्यांच्या हातचं. लग्नसराईत मात्र पाट्या बंद, फक्त भिंती. त्यांचा हत्ती गावात कुठूनही ओळखू यायचा, कारण त्याचा डोळा हसरा असायचा. "हत्तीच रागीट काढला तर नवरी नांदल कशी?" असं ते म्हणायचे. हत्ती सगळ्यांना मिळायचे, पण मोर कुणालाच नाही. कुणी कितीही गळ घातली तरी अण्णा मोर काढायचे नाहीत. "मोर आमच्या शोभीच्या दाराला राखून ठेवलाय," म्हणायचे. शोभी म्हणजे अक्का. ती पाळण्यात असल्यापासूनचा तो मोर. आणि पुढं हसत हसत एक वाक्य ठरलेलं असायचं: "माझ्या दारावर दुसऱ्याचा ब्रश लागला, तर समजा पेंटर गेला."

बोलून चालून गमतीचं वाक्य. पण जिभेवर कधी काय बसलेलं असतं, कुणाला माहीत.

अक्काचं लग्न आष्टीच्या प्रकाशदाजींशी ठरलं. मुहूर्त वैशाखातला. संक्रांतीला दाजी तिळगूळ घेऊन आले तेव्हा मेहुणीसाठी म्हणून, म्हणजे माझ्यासाठी, एक गेम घेऊन आले. आताच्या पोरांना तो दाखवला तर हसतील. राखाडी पडदा, त्यावर काळे चौकोन, आत दोन पेन्सिल सेल, आणि चालू केला की गल्लीला ऐकू जाईल असं एक चिरकं गाणं. पण त्यात गाडी होती, साप होता, बेडूक होता, वरून पडणारे ठोकळे होते. डाव्या बाजूला चार दिशांची चार बटणं, उजव्या बाजूला एक मोठं गोल बटण. मी दहावीला होते. दाजींसमोर आई गोड हसली, "कामून खर्चा केला उगा?" म्हणाली, आणि ते एस.टी.त बसल्याबरोबर गेम ट्रंकेत घालून किल्ली कमरेला लावली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, अण्णांच्या उजव्या हातातला चहा शर्टावर सांडला आणि अण्णांना ते कळलंच नाही. ते कप धरल्यासारखे बसूनच राहिले. कप खाली पडला होता.

लकवा. हा शब्द आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नाही. जालन्याला नेलं, दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं. तोंड सरळ झालं, बोलणं सुधारलं, पाय फरपटत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर आणून ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असायचा. डॉक्टरांनी निघताना आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ते मी ऐकलं: हातात जो काही जोर परत यायचा तो आता, या पहिल्या काही महिन्यांत यायचा. नंतरचं अवघड. बोटं हलवत ठेवा. रबरी चेंडू दाबायला द्या.

अण्णांनी चेंडू डाव्या हातानं उचलला आणि नालीत फेकला. "मी काय लहान लेकरू हाय का?"

त्या दिवसांचं मला ऊन आठवतं. माघ-फाल्गुनाचं, अजून न पेटलेलं, पण दारात येऊन बसणारं. जिनिंगकडून उडत आलेले कापसाचे पुंजके अंगणातल्या कडुलिंबाला अडकलेले. अक्का तांदूळ निवडत बसायची आणि वर बघायची नाही. आई दिवसातून दोनदा तिळाचं तेल कोमट करून अण्णांचा उजवा हात चोळायची, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि अण्णा तोंड भिंतीकडं करून पडायचे. भिंत म्हणजे तीच, दाराशेजारची. गेल्या दिवाळीला अण्णांनीच चुना मारून कोरी ठेवलेली. कुणीच कुणाशी मोरावर बोलायचं नाही. बोलायला दुसरं काही सुचायचंही नाही.

मी ट्रंकेची किल्ली लांबवली. इतिहासाच्या पुस्तकाआड गेम धरला आणि चालू केला, ते चिरकं गाणं वाजलंच. आई लाटणं घेऊन आली. "बाप असा पडलेला, परीक्षा डोक्यावर, आन् तू गाड्या पळवून राह्यली? लाज न्हाई वाटत?" मी उलट बोलणार होते. तोंडात तिखट घेऊनच जन्मले मी, असं आईच म्हणते. पण त्याआधी खाटेवरून आवाज आला.

"आण इकडं. बघू काय हाय ते."

कितीतरी दिवसांत अण्णांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली वस्तू. आईचं लाटणं तसंच राहिलं.

मी गाडीचा गेम लावून दिला. दोन्ही हातांत गेम धरवला, उजवा तळहात खालून नुसता टेकू दिल्यासारखा. गाडी सुटली आणि समोरच्या गाडीवर जाऊन आपटली. अण्णांचा चेहरा पडला. मला काहीतरी बोलणं भागच होतं.

"पहिला डाव देवाला, अण्णा!"

विटीदांडू असो, सागरगोटे असोत, आमच्याकडं खेळाचा पहिला डाव धरत नाहीत. तो देवाला दिलेला असतो. त्यात कुणी आउट झालं तरी आउट नाही. नवं लेकरू खेळायला आलं की त्याचा धीर सुटू नये म्हणून कुणा शहाण्यानं काढलेली ही पद्धत असावी. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या गालावर काहीतरी हललं. "बराबर," म्हणाले. "देवाला न्हाई दिलं तर तो तरी कामून देईल?"

तिथून पुढं अण्णांनी हा नियम असा पाळला की हसू यावं. रोज खेळायला बसले की पहिली गाडी मुद्दाम आपटवायची. कपाळाला डावा हात लावायचा. मग दुसरी.

आणि मी झाले गेम सांगणारी. वैद्य पुड्या बांधून देतो तशी मी अण्णांना गेम बांधून द्यायचे. सकाळी बेडूक, कारण तो हळू. दुपारी गाडी. चहानंतर साप. सापात शेपूट लांबत जाते आणि माणसाला घाई होते, म्हणून ताण नको तेव्हा साप नाही. हे सगळं माझ्या मनाचं शास्त्र, पण मी असं ठासून सांगायचे की आईसुद्धा विचारायला लागली, "वने, आज काय देऊ त्यांना?" अण्णांचे मार्क वाढत गेले. शेजारपाजारचे बघायला यायचे. "पेंटर, लईच तेज झाले की!" अण्णा हसायचे. घरात पुन्हा फोडणीचा वास यायला लागला असं मला वाटायचं. तो आधीही येतच असणार.

एका दुपारी मी भूमिती करत होते, अण्णा गाडी पळवत होते, सगळ्यांत जास्त मार्क त्याच दिवशी झाले. मी टाळ्या वाजवल्या. आई तेलाची वाटी घेऊन आली, खाली बसली, आणि गेम हातात घेऊन उलटसुलट बघायला लागली.

"वने," ती हळू म्हणाली, "मी तेल कोणत्या हाताला लावते?"

"उजव्या."

"मंग या बटणांवर तेलाचं बोट कुठाय?"

बटणं कोरडी ठणठणीत होती. गोल बटणावर तर धूळ बसली होती. ते बटण नुसतं जोर वाढवायला होतं, त्याच्याशिवाय गाडी चालत होती. दिशांची चारही बटणं डावीकडं. सगळा खेळ डाव्या अंगठ्याचा. उजवा हात बिचारा महिनाभर खालून टेकू देऊन होता आणि आम्ही सगळे डाव्या हाताला टाळ्या वाजवत होतो. जो हात मुळात चांगलाच होता, त्याला!

मी आईवरच उखडले. तुला काय कळतं, तू कधी खेळलीस का, निदान ते हसत तरी होते, तेही बघवलं नाही का तुला. असलं काय काय. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती मुकाट्यानं हात चोळत राहिली. अण्णांनी गेम बाजूला ठेवला. कूस बदलली. पुन्हा भिंत.

होळी झाली. माझे पेपर सुरू झाले. पहाटे उठून पाठांतर करताना बाहेर खाट करकरली की मी थबकायचे, अण्णा उठले की काय म्हणून. उठलेले नसायचे. गावात भिंतींवर चुना लागायला सुरुवात झाली होती. त्या सराईत लोक दुसऱ्या पेंटरांना बोलवत होते. मराठीचा पेपर देऊन येताना मी एका दारावर नवा हत्ती बघितला. डोळा रागीट होता. मी मान खाली घालून घरी आले.

आणि अशात आष्टीहून व्याही आले. अक्काचे होणारे सासरे, डोक्याला फेटा, आवाज मोठा, मन साफ. अण्णांच्या खाटेवरच टेकले, तब्येत विचारली, मोसंब्यांची पिशवी आईच्या हातात दिली. लग्न पुढं ढकलायचं नाही म्हणाले, काही काळजी करायची नाही म्हणाले. आईच्या जिवात जीव आला. मग जाताजाता, अगदी सहज, दाराशेजारच्या भिंतीकडं बघून म्हणाले, "व्याहीबुवा, भिंतीची फिकीर करू नका. आमच्याकडं एक पेंटर हाय, बिलकुल तुमच्यासारखाच हात. मी त्याला लावून देतो."

चांगल्या मनानं बोलले हो ते. पण अक्काच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं आणखी घट्ट धरला. आई मोसंब्यांकडं बघत राहिली. मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"लावून द्या," अण्णा म्हणाले.

एवढंच. शांतपणे. आणि मला त्या वेळी खरंच वाटलं की पेंटर गेला.

व्याही गेल्यावर अक्का खाटेपाशी आली. माझी अक्का म्हणजे गरीब गाय. भांडणं सगळी माझ्या वाट्याची, ऐकून घेणं तिच्या. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "अण्णा, दुसरा पेंटर येणार असंल तर भिंत कोरी राहू द्या. मी कोऱ्या भिंतीपासून जाईन."

"येडी झाली का?" आई ओरडली. लग्नघराची भिंत कोरी म्हणजे घरात दुःख झालेलं. मयताचं वर्ष न सरलेल्या घरातच अशी भिंत ठेवतात. जिवंत बापाच्या पोरीनं असं बोलावं?

"कोरी," अक्का म्हणाली. "न्हाईतर मोर."

मग तिनं उशाशी पडलेला गेम उचलला. चालू केला, गाडी लावली, आणि गर्रकन फिरवून खालचा भाग वर केला. चारही बटणं उजव्या बाजूला आली. पडदा पालथा झाला. अण्णांचा उजवा हात तिनं उचलला, अंगठा एका बटणावर ठेवला आणि म्हणाली, "आता खेळा."

मी म्हटलं, "अगं, उलटं कसं दिसंल त्यांना?"

अण्णांनी पडदा डोळ्यांजवळ घेतला. गाड्या आता वरून येत नव्हत्या, खालून वर चढत होत्या. मग म्हणाले, "जिंदगीभर काचेवर उलटं लिहिलं. हे तर नुसतं पालथं हाय."

पहिली गाडी आपटली. देवाला. दुसरी आपटली. तिसरी, चौथी, सगळ्या. अंगठा बटणावरून घसरत होता, दाबला जातच नव्हता. अण्णांच्या कपाळावर घाम आला. आई म्हणाली, राहू द्या आता. अण्णा म्हणाले, "आज देवच लई खेळून राह्यला. खेळू दे त्याला."

माझं सगळं शास्त्र मी मोडीत काढलं आणि नव्यानं मांडलं. आता गेम निवडायचा तो अण्णांना काय आवडतं ते बघून नाही, अंगठ्याला काय झेपतं ते बघून. आधी पालथी गाडी, कारण तिला दोनच बटणं पुरतात आणि अंगठा डावीकडून उजवीकडं सरकतो. तेवढं जमेपर्यंत बेडूक बंद. मग बेडूक, कारण त्याला चारही बटणं लागतात आणि अंगठ्याला वरखाली जावं लागतं. मग एक दिवस गेम पुन्हा सरळ धरायचा आणि ठोकळे, कारण ठोकळा फिरवायला उजवीकडचं ते मोठं बटण वेळेवर, अगदी वेळेवर दाबावं लागतं. अण्णा चिडायचे. मीही चिडायचे. "साप लाव," म्हणायचे. "साप न्हाई मिळणार," मी म्हणायचे. बापाला असं बोलणारी पोरगी दुसऱ्या घरात मार खाती. आणि रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आई तो गेम उजेडाकडं तिरका धरून बघायची. गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती ओरडली, "हाय! तेल हाय!" चारही बटणांवर तेलाचे डाग चमकत होते. आई रडायला लागली, अक्काही रडायला लागली, आणि मी दोघींना रागावले की उद्या माझं गणित आहे.

पण अंगठा म्हणजे हात नव्हे. वैशाख उजाडला तेव्हा अण्णा उजव्या हातानं कप धरायला लागले होते, ब्रशही धरायचे, पण हात छातीच्या वर जात नव्हता. नेला की थरथरायचा आणि खाली यायचा. आणि भिंतीवरचा गणपती तर दाराच्या चौकटीच्याही वर असतो.

भिंतीचा दिवस ठरला. अक्कानं दाजींकडून निरोप पाठवला होता की पेंटर नको. पण व्याह्यांपर्यंत तो पोचला नाही, की पोचूनही त्यांना वाटलं असू द्यावा हाताशी, कुणास ठाऊक. सकाळीच आष्टीचा पेंटर पिशवी घेऊन दारात हजर. मध्यम वयाचा, अदबीचा माणूस. अण्णांच्या पाया पडला. आईनं त्याला लिंबाखाली बसवून चहा दिला. तो चहा पीत बसला आणि आम्ही सगळे त्याच्या पिशवीकडं चोरून बघत राहिलो. अण्णांना जमलं नाही, तर ती पिशवी उघडणार होती. आणि अक्का ती उघडू देणार नव्हती. म्हणजे कोरी भिंत.

ऊन तापत होतं. ताज्या चुन्याचा आणि टर्पेंटाइनचा वास नाकात बसला होता. गल्लीतल्या बाया पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यांत येऊन उभ्या. अण्णा खुर्चीवर उभं राहायचं म्हणाले. आईनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. मोरपंखी निळ्यात ब्रश बुडवला, हात उचलला, छातीपर्यंत आला, त्याच्या वर गेला, अण्णांच्या दातांचा आवाज मला ऐकू आला, ब्रश भिंतीला टेकला, आणि हात धाडकन खाली आला. पांढऱ्या चुन्यावर निळा फराटा, वरून खालपर्यंत, शेवटी एक मोठा थेंब.

लिंबाखाली पेंटरानं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. तो उठला होता. दोन्ही हात पाठीमागं धरून, मान खाली घालून उभा होता. पिशवी त्याच्या पायाशी. अक्का दारात, ओठ दाताखाली धरून.

मी किंचाळलेच असेन. "पहिला डाव देवाला!"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आणि हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा दोन्ही गालांनी हसले. "मायला, इसरलोच व्हतो," म्हणाले. मग खुर्चीवरून उतरले. "खुर्ची न्या. या पायावर लई वेळ उभं राहवत न्हाई. मला पाट द्या."

जेवायचा पाट आणला. अण्णा भिंतीसमोर पाटावर बसले, मांडी घालून, जेवायला बसतात तसे. त्यांची छाती जिथं येत होती तिथवरच हात जात होता. तिथंच त्यांनी सुरुवात केली. एकेक अक्षर काढायचं, हात मांडीवर ठेवायचा, अंगठा हलवायचा, बटण दाबल्यासारखा, आणि पुन्हा ब्रश उचलायचा. 'शुभविवाह' वाकडं आलं. 'शोभा' बरं आलं. 'प्रकाश'मधला 'श' परत वाकडा. आणि मग मोर. एकच. त्याची मान जाड, पिसारा आखूड, पाय तर कोंबडीचे. पण डोळा हसरा.

आष्टीचा पेंटर पाटापाशी येऊन उकिडवा बसला. मग अण्णांनी मागायच्या आत त्यानं ब्रश धुवायला टर्पेंटाइनचा डबा पुढं केला. त्याची पिशवी बंदच होती. आईनं त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

लग्नाच्या दिवशी जो कुणी दाराशी आला, त्याला नावं वाचायला वाकावं लागलं. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली कुणी लग्नाची नावं लिहितं का? व्याही फेटा एका हातानं धरून वाकले, वाचलं, सरळ झाले आणि डोळे पुसले. उन्हानं पाणी आलं म्हणाले. माझं गणित निघालं, तेही काठावर, पण ती वेगळी गोष्ट.

हे सगळं मी गौरीला सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं, "परतूरला जाऊ, तिथं आजोबांना विचार. माझ्यापेक्षा जास्त गेम त्यांनी खेळलेत." दोन दिवसांनी अक्का आली, आणि आम्ही तिघी पॅसेंजरनं निघालो. सगळ्या वाटेत पोरगी तो रंगीत पडदा नाकाशी धरून बसलेली. मध्येच हरली की चिडून पाय आपटायची. बापावर नाही, आजोळावर गेलीय.

अण्णा दारातच खाट टाकून बसले होते. आता ते पाट्या रंगवत नाहीत. उजव्या हातानं कप धरतात, काठी धरतात, पोरीच्या डोक्यावर हात ठेवतात, तेवढं पुरतं म्हणतात. आई दर दिवाळीला भिंतीला चुना मारते, पण तेवढा चौकोन सोडून, मोराच्या कडेकडेनं, लेकराच्या डोळ्यांत साबण जाऊ नये अशी जपून. वरचा निळा फराटाही तसाच. तो पुसायचा नाही असं अण्णांनीच सांगितलं होतं.

"आजोबा, कोणता गेम घेऊ?" गौरीनं पिशवीही खाली ठेवली नाही.

"गाडीचा घे," अण्णा म्हणाले. "पण थोडे दिवस उलटा धरून खेळ. मंग सुलटा सोपा जातो."

गौरीला ते काही पटलं नाही. ती भिंतीकडं वळली. ती भिंत तिनं लहानपणापासून बघितलीय, पण यंदा तिला वाचायचा नाद लागलाय, दिसेल ते वाचते. "आजोबा, हा वरचा निळा डाग कसला?"

"त्यो देवाचा डाव हाय."

मग ती एक पाऊल पुढं गेली आणि थांबली. नावं बराबर तिच्या छातीशी आली. तिनं मान जराशी खाली केली आणि बोट फिरवत वाचलं, शुभविवाह, शोभा, प्रकाश. न वाकता. आत अक्का चहा गाळत होती, तिनं स्वतःचं नाव ऐकलं असणार.

"आजोबा, सगळ्यांच्या घरी नावं वर असतात. आईचं नाव इतकं खाली कामून लिहिलं?"

आता अण्णा काय सांगणार? मी तोंड उघडलं, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून.

अण्णांनी काठी बाजूला ठेवली. उजवा हात मांडीवरून उचलला, छातीपर्यंत, जिथवर जातो तिथवर, आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"तू येणार व्हतीस ना," म्हणाले. "तुला उभ्यानं वाचता यावं म्हनून."